ब्रँडेड डेस्कटॉपचा मदरबोर्ड बदलला : नारायण पेठेतल्या दुकानातल्या सोळा दिवसांच्या नोंदी

मशीन काकांचं आहे. नारायण पेठेत एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर त्यांचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, मुंजीच्या पत्रिका, सोसायट्यांचे अहवाल अशी कामं. २०१७ साली घेतलेला ब्रँडेड डेस्कटॉप, प्रोसेसर इंटेल आय५-६५००, चिपसेट (बोर्डावरची मुख्य नियंत्रक चिप) एच११०, ४ जीबीच्या दोन डीडीआर४ रॅम, १ टीबीची हार्ड डिस्क आणि कंपनीनेच भरून दिलेलं विंडोज १० प्रो. मी असेंबल केलेली मशीन बरीच उघडली आहेत, पण ब्रँडेड मशीनचा बोर्ड बदलण्याची ही पहिलीच वेळ. कुठे काय अडलं, किती पैसे गेले, ते जसंच्या तसं लिहून ठेवतोय. हेच काम करायला बसलेल्या दुसऱ्या कुणाचे चार दिवस तरी वाचावेत.

शनिवार, २५ ऑक्टोबर २०२५

भाऊबीज झाली, दुकान उघडलं आणि सकाळी साडेदहाला काकांचा फोन आला. "अरे, बटण दाबलं की पंखा दोन सेकंद फिरतो नि बंद पडतो. समोरचा दिवा नारिंगी लुकलुकतोय. परवा पूजेच्या दिवशी तर नीट चालू होतं."

दुपारी गेलो. तपासणीचा क्रम असा ठेवला. आधी मागच्या सगळ्या वायरी काढल्या, फक्त पॉवर केबल ठेवली, तेच. दोन्ही रॅम काढून एकेक करून, दोन्ही खाचांत लावून पाहिल्या, तेच. हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्ह सोडवले, तेच. बोर्डावरचा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर २.४ व्होल्ट दाखवत होता, नवा असताना ३ च्या वर असतो. वाटलं, सापडलं. कोपऱ्यावरून ४० रुपयांचा सेल आणून घातला. तरीही तेच. सेल उतरला की घड्याळ मागे जातं, बायोसच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमच्या, सेटिंग्ज पुसल्या जातात. मशीन दोन सेकंदांत बंद पडायचं कारण तो सहसा नसतो. हे मला माहीत होतं, तरी आशेपोटी अर्धा तास त्यात घालवला.

मग पॉवर सप्लाय. याच्या मागच्या बाजूला तपासणीचं छोटं बटण आहे. ते दाबल्यावर हिरवा दिवा लागला, आणि १२ व्होल्टच्या तारेवर मीटरने १२.१ दाखवले. म्हणजे सप्लाय बहुतेक ठीक.

शेवटी बोर्ड टॉर्चच्या उजेडात इंच-इंच पाहिला. मागच्या यूएसबी पोर्टांच्या आतल्या अंगाला, तांदळाच्या दाण्याहून थोड्या मोठ्या एका चिपवर काळा डाग होता. मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक. नाक जवळ नेलं तर जळक्या प्लॅस्टिकचा वास अजून येत होता. एवढं दिसल्यावर बोर्ड गेला हे मी धरून चाललो.

आजचा वेळ : साडेतीन तास.

रविवार, २६ ऑक्टोबर

आज बोर्डाला हात लावला नाही, आधी डेटा. हार्ड डिस्क काढून घरी आणली आणि सॅटा-टू-यूएसबी केबलने (३५० रुपये) लॅपटॉपला जोडली. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह मिळून १८६ जीबी कॉपी केले. बारीक बारीक फाइल्स हजारोंनी, त्यामुळे साडेतीन तास लागले.

डिस्क जोडल्याबरोबर ड्राइव्ह उघडली, हे नशीब. कुणाच्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं साधन) चालू असेल तर ड्राइव्ह कुलूप लावलेली दिसेल आणि ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाईल. एरवी कुलूप आपोआप उघडणारी चावी जुन्या बोर्डावरच्या टीपीएम या सुरक्षा-चिपशी बांधलेली असते. बोर्ड मेला की फक्त त्या ४८ आकड्यांवरच भिस्त. बहुतेक वेळा ते मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेले सापडतात. ज्यांचं मशीन आज धडधाकट आहे त्यांनी हे आजच पाहून घ्यावं.

या डिस्कवर काकांच्या पंधरा-सोळा वर्षांच्या पत्रिका आहेत. थोरल्या मुलीची पत्रिका केलेली माणसं धाकट्या मुलाच्या वेळी येऊन "तीच बॉर्डर, तसाच गणपती" मागतात, आणि काका दोन मिनिटांत ती फाइल काढून देतात. म्हणून एक गोष्ट आजच ठरवली : ही डिस्क पुसायची नाही. विंडोज नव्या एसएसडीवर टाकायचं आणि ही डिस्क बाजूला, आहे तशी जपून ठेवायची.

सोमवार, २७ ऑक्टोबर

ऑफिसमधून लवकर निघून तपकीर गल्लीत गेलो. तिथे एच११० चा वापरलेला पण चालू बोर्ड ३,२०० रुपयांत मिळाला. सॉकेट (प्रोसेसर बसतो ती जागा) एलजीए ११५१, चिपसेट तोच, रॅम डीडीआर४, आकार मायक्रो एटीएक्स. कागदावर सगळं जुळत होतं.

एका दुकानात मला नवा, ३०० मालिकेच्या चिपसेटचा बोर्ड दाखवत होते. "११५१ च आहे साहेब, बसेल." बसतो हे खरं, कारण खाचा आणि पिनांची संख्या सारखी आहे. पण ३०० मालिका आठव्या पिढीपासूनच्या प्रोसेसरसाठी आहे आणि पिनांची विजेची जुळणी बदललेली आहे. सहाव्या पिढीच्या आय५ साठी १०० किंवा २०० मालिकाच बघायची. हे आधीच वाचून गेलो होतो म्हणून वाचलो.

तरी संध्याकाळी दुकानात जाऊन जुन्या बोर्डाशेजारी नवा ठेवला आणि पाच मिनिटांत कळलं की मी चुकलोय.

पहिली अडचण पॉवर सप्लायची. साध्या बोर्डाला २४ पिनांचं मोठं कनेक्टर लागतं. या मशीनच्या सप्लायमधून बोर्डाकडे एक छोटं कनेक्टर येतं, त्याच्याबरोबर प्रोसेसरचं ४ पिनांचं, आणि बास. हार्ड डिस्कला वीज सप्लायमधून जातच नाही. ती बोर्डावरच्या एका खाचेतून केबलने जाते. हा सप्लाय फक्त १२ व्होल्ट देतो. ५ आणि ३.३ व्होल्ट बोर्ड स्वतः तयार करतो. म्हणजे साधा बोर्ड लावायचा तर सप्लायही नवा.

मग सप्लायचा आकार. साधा एटीएक्स सप्लाय या केसमध्ये मावत नाही. पुढची पॉवर बटण, दिवे, यूएसबी यांची वायर कंपनीच्या स्वतःच्या मांडणीचा एकसंध ठोकळा आहे. साध्या बोर्डावर एकेक पिन सुटी जोडायची असते. प्रोसेसरच्या पंख्याला ५ पिना, साध्या बोर्डावर ४. आणि मागची पत्र्याची जाळी केसच्याच पत्र्यात कापलेली आहे, वेगळी निघत नाही. नव्या बोर्डाचे पोर्ट त्या भोकांसमोर येतच नाहीत.

अडॅप्टर मिळतात, पत्रा कापता येतो. पण बोर्ड, सप्लाय, केस, पंखा असं करत गेलं तर जुन्यातला फक्त प्रोसेसर आणि रॅम उरते, आणि त्या खर्चात दुसरं अख्खं मशीन येतं. ब्रँडेड मशीनमध्ये केस, सप्लाय आणि बोर्ड एकमेकांच्या मापाने शिवलेले असतात. सॉकेट आणि चिपसेट बघून बोर्ड आणणं ही माझी या कामातली सगळ्यात महाग चूक.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

बोर्ड परत केला. दुकानदाराने ३०० रुपये कापून बाकीचे दिले. वागणूक चांगली होती, मी तक्रार केली नाही.

आता योग्य पद्धत. जुन्या बोर्डावर रॅमच्या खाचेशेजारी बारकोडची पट्टी असते, त्यावर बोर्डाचा भाग-क्रमांक छापलेला असतो. मशीनच्या मॉडेलचं नाव नव्हे, बोर्डाचा क्रमांक. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपनीने छोट्या आणि मोठ्या केसचे दोन वेगळे बोर्ड वापरलेले असतात. तो क्रमांक जसाच्या तसा टाकून शोधलं तर दिल्लीच्या नेहरू प्लेसमधल्या एका विक्रेत्याकडे वापरलेला बोर्ड सापडला. ३,८०० रुपये अधिक कुरियर १८०. विक्रेत्याकडून फोटो मागवले, क्रमांक पडताळला आणि पैसे पाठवले. सॉकेटचा जवळून फोटो मागायचा राहिला. त्याची किंमत पुढे मोजली.

काकांनी तोवर तातडीच्या तीन पत्रिका शनिवार पेठेतल्या मित्राकडे करून घेतल्या. तुळशीची लग्नं रविवारपासून. त्यानंतर रोज माणसं येणार. काका काही बोलत नाहीत, पण दिवसातून दोनदा "बोर्ड निघाला का रे दिल्लीहून?" असं विचारतात.

बुधवार, २९ ऑक्टोबर

बोर्ड यायला वेळ होता म्हणून मुळाशी जायचं ठरवलं. चिप यूएसबीजवळच का जळली?

काकूंनी सहज सांगितलं, "त्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात. मी तर पुसायचंसुद्धा सोडलं." हे दोन वर्षांपासून होतं म्हणे, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.

कॉम्प्युटर ज्या सॉकेटवर होता तिथे तो जोडलेला ठेवूनच शेजारच्या सॉकेटमध्ये मीटर लावला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३२ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये १२१. न्यूट्रल आणि अर्थमध्ये १०८. शेवटचा आकडा चार-पाचच्या आत असायला हवा. विजेच्या जवळजवळ निम्मा येतोय याचा अर्थ अर्थिंग कुठेतरी तुटलेलं आहे. कॉम्प्युटरच्या सप्लायमध्ये गोंगाट गाळायला दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजकडून आणि एक न्यूट्रलकडून, दोन्ही केसच्या पत्र्याला जोडलेले. अर्थ नसला की पत्रा मधोमध लटकतो, म्हणजे शंभर-सव्वाशे व्होल्टवर. करंट अगदी थोडा, म्हणून माणसाला फक्त झिणझिण्या येतात.

पण प्रिंटर समोरच्या भिंतीवरच्या सॉकेटवर आहे, आणि तिथलं अर्थिंग शाबूत निघालं. म्हणजे प्रिंटरचा पत्रा शून्यावर, कॉम्प्युटरचा शंभरावर, आणि दोघांना जोडणारी वायर कोणती तर यूएसबीची. काका रोज ती काढतात-घालतात, कारण त्याच पोर्टात कधी पेनड्राइव्ह लावावा लागतो. जळलेली चिप त्याच पोर्टामागे. माझ्या मते बोर्ड इथेच गेला. हे दुरुस्त न करता नवा बोर्ड बसवला असता तर तोही याच वाटेने गेला असता.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

गुरुवार, सकाळपासून पेठेतली वीज दुरुस्तीसाठी बंद. त्याचा फायदा घेतला. ओळखीच्या वायरमनला बोलावून भिंतीवरचा स्विचबोर्ड उघडला. त्या सॉकेटची हिरवी तार मागे जोडातून निसटून लोंबत होती, टोक काळं पडलेलं. त्याने नवी तार ओढली, दोन सॉकेट बदलले, आणि प्रिंटर व कॉम्प्युटर एकाच स्विचबोर्डावर आणून दिले. १,४०० रुपये. वीज आल्यावर न्यूट्रल-अर्थ १.४ व्होल्ट.

काकूंनी केसला हात लावून पाहिला, आणि मग फडकं घेऊन दोन वर्षांची धूळ पुसली.

शनिवार, १ नोव्हेंबर

बोर्ड आला. प्लॅस्टिकच्या फुग्यांत नीट गुंडाळलेला होता, पण सॉकेटवर झाकण नव्हतं. एलजीए प्रकारात पिना प्रोसेसरला नसतात, सॉकेटमध्ये असतात. ११५१ केसांसारख्या बारीक, सगळ्या एका बाजूला कललेल्या. झाकणाशिवाय प्रवास म्हणजे धोका. मी वरवर पाहिलं, सरळ वाटल्या, आणि पुढे गेलो.

जुना बोर्ड काढण्याआधी मोबाइलवर सहा फोटो काढले, वायर कुठली कुठे जाते त्याचे. मशीनची केबल भिंतीतून काढली, बटण दाबून उरलेली वीज निचरू दिली.

हीटसिंकचे (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याचे) चार स्क्रू तिरपे-तिरपे, प्रत्येकी दोन-दोन आटे असे सैल केले. उचलायला गेलो तर हलेना. दोघांमधली उष्णता वाहून नेणारी आठ वर्षांची पेस्ट वाळून चिकटली होती. सरळ ओढायचं नाही, प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येऊ शकतो. हळूच डावीकडे-उजवीकडे पिळत राहिलो. मिनिटभराने कुरकुरत सुटला. पेस्ट पिठासारखी झाली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने (१२० रुपये) आणि चहाच्या गाळणीच्या सुती कापडाने प्रोसेसर आणि हीटसिंक दोन्ही चकचकीत होईपर्यंत पुसले.

प्रोसेसर कडेने धरून नव्या सॉकेटवर ठेवला. एका कोपऱ्यावर सोनेरी त्रिकोण असतो, तो सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. दोन बाजूंच्या खाचाही जुळल्या पाहिजेत. तो फक्त ठेवायचा, दाबायचा नाही. दाबण्याचं काम दांडीचं. दांडी खाली आणताना बऱ्यापैकी जोर लागतो आणि करकर आवाज येतो. पहिल्यांदा करणारा तिथे घाबरतो, पण तो आवाज योग्य आहे. पेस्ट (१५० रुपये) मधोमध अख्ख्या मसुराएवढी. हीटसिंकने दाबल्यावर ती स्वतःच पसरते.

तोच क्रमांक असल्यामुळे बाकी सगळं घरच्यासारखं बसलं. सप्लायचं कनेक्टर, पुढचा ठोकळा, पाच पिनांचा पंखा, मागची भोकं. चाळीस मिनिटांत केस बंद. सोमवारच्या संध्याकाळी जे पाच तास डोकं फुटेस्तोवर केलं त्याच्या तुलनेत हे काहीच नव्हतं.

बटण दाबलं. पंखा फिरला, फिरत राहिला, आणि बीप वाजू लागले. एक रॅम काढली तर स्क्रीन आली. काका मागे उभे होते, "आली!" म्हणाले. पण रॅम दुसऱ्या खाचेत घातली की पुन्हा बीप. दोन्ही रॅम चांगल्या, पहिल्या खाचेत दोन्ही चालतात. म्हणजे खाच तरी खराब, नाहीतर सॉकेटची पिन. रात्रीचे साडेनऊ झाले होते. थकलेल्या हाताने सॉकेट उघडायचं नाही म्हणून घरी गेलो.

रविवार, २ नोव्हेंबर

वाड्यात तुळशीच्या लग्नाची तयारी चालली होती, ऊस बांधत होते. मी सकाळी आठलाच बसलो.

प्रोसेसर काढला आणि सॉकेटवर मोबाइलचा टॉर्च अगदी आडवा, जमिनीला समांतर धरला. वरून उजेड टाकला तर सगळ्या पिना सारख्याच दिसतात. आडव्या उजेडात प्रत्येक पिनेचं टोक एक ठिपका होऊन चमकतं आणि ठिपक्यांच्या सरळ ओळी दिसतात. काठावरून चौथ्या ओळीत एक ठिपका जागेवर नव्हता. शेजारच्या पिनेवर रेललेला. प्रोसेसर आणि रॅममधले सिग्नल याच पिनांमधून जातात, त्यामुळे एक पिन वाकली तरी एक अख्खी खाच बंद पडू शकते.

शिसं काढलेली मेकॅनिकल पेन्सिल घेतली. तिच्या टोकाचं धातूचं बारीक नळकांडं पिनेवर घातलं आणि केसभर, केसभर मागे आणलं. काकूंनी भरतकामाचं भिंग दिलं होतं, ते काकांनी धरलं. काका तरुणपणी छापखान्यात खिळे जुळवायचे; सहा पॉइंटचा उलटा खिळा त्यांना चिमट्याने उचलता यायचा. "घाई करू नकोस, श्वास सोडताना हात स्थिर राहतो," एवढंच म्हणाले. खरोखर तसंच आहे. वीस मिनिटं लागली. पिन एका प्रयत्नात सरळ करायची नाही. पुढेमागे दोनदा वाकली की तुटते, आणि तुटली की बोर्ड गेला.

पुन्हा पेस्ट, पुन्हा स्क्रू. दोन्ही रॅम दिसल्या, ८ जीबी.

बायोस उघडायला गेलो तर पासवर्ड. बोर्ड कुठल्या तरी ऑफिसच्या मशीनमधला होता, तिथल्या माणसांनी लावलेला. या बोर्डावर पासवर्ड पुसण्याची छोटी टोपी म्हणजे जम्पर आहे. मशीन बंद करून, वायर काढून, टोपी काढली, एकदा चालू केलं, बंद केलं, टोपी परत लावली. पासवर्ड गेला. सगळ्या कंपन्यांच्या बोर्डांवर असा जम्पर नसतो, वापरलेला बोर्ड घेताना "बायोस पासवर्ड नाही ना?" हे विचारूनच घ्यावं.

बायोसमध्ये चार गोष्टी पाहिल्या. तारीख-वेळ बरोबर केली. मशीन सुरू होण्याची पद्धत, म्हणजे बूट, यूईएफआय ठेवली. सिक्युअर बूट चालू. डिस्क बोर्डाशी कुठल्या पद्धतीने बोलते ते सेटिंग ‘रेड’ वर होतं, ते ‘एएचसीआय’ केलं. हा शेवटचा बदल विंडोज टाकण्याआधीच करायचा. नंतर केला तर निळा पडदा येतो, बूट डिव्हाइस सापडत नाही म्हणून.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

५०० जीबीची एसएसडी आणली, ३,१०० रुपये. विंडोज १० की ११, यावर आज शेवटचा विचार केला. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, आय५-६५०० सहावी. आडवाटेने टाकता येतं, पण ज्यावर दुकानाचा गल्ला चालतो त्यावर मला ती जोखीम नको. लिनक्सही नको, कारण डिझाइनचं कोरलड्रॉ आणि जुन्या मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल (ते चालायला लागणारी यूएसबी किल्ली) दोन्ही तिथे चालणार नाहीत. म्हणून विंडोज १० ची शेवटची आवृत्ती २२एच२, आणि वाढीव सुरक्षा अपडेट्स १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. त्यापुढे हे मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त कामाला ठेवायचं, असं काकांशी ठरलं.

लॅपटॉपवर मीडिया क्रिएशन टूलने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर इन्स्टॉलर केला. इन्स्टॉल करताना आवृत्ती कुठली हवी हे त्याने विचारलंच नाही, सरळ ‘होम सिंगल लँग्वेज’ टाकलं. कारण विंडोजची चावी बोर्डाच्या फर्मवेअरमध्ये असते. जुन्या बोर्डात प्रो ची होती, ती बोर्डाबरोबर गेली. या बोर्डात होमची आहे. इंटरनेट लावताच ती आपोआप ॲक्टिव्हेट झाली. काकांच्या कामाला होम पुरतं. सिंगल लँग्वेजमध्ये विंडोजची स्वतःची भाषा बदलता येत नाही, पण मराठी कीबोर्ड टाकता येतात, इन्स्क्रिप्ट आणि फोनेटिक दोन्ही.

आजच्या दिवसातली चूक मात्र आज कळली नाही.

बुधवार, ५ नोव्हेंबर

जुनी डिस्क काढून ठेवायला गेलो. काढली, मशीन चालू केलं, आणि "बूट करण्यासारखं काही सापडलं नाही". डिस्क परत जोडली की चालू. काल डेटा लगेच घेता यावा म्हणून मी दोन्ही डिस्क जोडून इन्स्टॉल केलं होतं. विंडोजला जुन्या डिस्कवर आधीचा बूट विभाग दिसला आणि त्याने आपल्या बूट फाइल्स तिथेच ठेवल्या. विंडोज एसएसडीवर, किल्ली जुन्या डिस्कवर.

आदेश देऊन बूट फाइल्स एसएसडीवर नव्याने लिहिता येतात, पण त्यासाठी वेगळा विभाग पाडावा लागला असता. कोरं इन्स्टॉलेशन होतं, म्हणून जुनी डिस्क पूर्ण सोडवून पुन्हा पहिल्यापासून केलं. दोन तास गेले. इन्स्टॉल करताना ज्या डिस्कवर टाकायचंय तीच एक जोडलेली ठेवा. बाकीच्यांची केबल काढून ठेवायला एक मिनिट लागतं.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

काल ऑफिसचं काम होतं, आलो नाही. आज सॉफ्टवेअर.

फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल मी आधी लावलं आणि मग ड्रायव्हर टाकला. विंडोजने त्याला अनोळखी उपकरण म्हणून नोंदवून टाकलं आणि सॉफ्टवेअरला ते दिसेना. डोंगल काढलं, डिव्हाइस मॅनेजरमधून ती नोंद काढली, ड्रायव्हर टाकून मशीन पुन्हा चालू केलं, मग डोंगल लावलं. चालू. आधी ड्रायव्हर, मग डोंगल. माहितीपुस्तिकेत पहिल्याच पानावर तसं लिहिलेलं आहे, काकांनी उघडून दाखवलं.

मग जुनी पत्रिका उघडली. ‘श्री गणेशाय नमः’ च्या जागी इंग्रजी अक्षरं, चिन्हं आणि टिंबं. काकांचा चेहरा उतरला. या फाइल्स युनिकोडच्या नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की तळातली ती अक्षरं उघडी पडतात. मजकूर खराब झालेला नाही, फक्त फॉन्ट नाही. अशा वेळी कोरलड्रॉ दुसरा फॉन्ट कायमचा बदलून देऊ की तात्पुरता असं विचारतं. तात्पुरता हाच पर्याय घ्यायचा आणि ती फाइल चुकूनही सेव्ह करायची नाही.

जुन्या डिस्कच्या विंडोज-फॉन्ट्स फोल्डरमधून सगळे फॉन्ट आणून बसवले. बऱ्याच पत्रिका जाग्या झाल्या. पण मथळ्याचे वळणदार फॉन्ट, काकांचे सगळ्यात आवडते, कुठेच नव्हते. रविवारी काढलेल्या माझ्या बॅकअपमध्येही नव्हते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

सापडले. विंडोज १० च्याच अलीकडच्या आवृत्त्यांत फॉन्टवर डबल क्लिक करून बसवला तर तो सगळ्यांसाठी नाही, त्या एका वापरकर्त्यासाठी बसतो, आणि वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा – लोकल – मायक्रोसॉफ्ट – विंडोज – फॉन्ट्स इथे जातो. ॲपडेटा लपवलेलं असतं. मी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह घेतले तेव्हा ते दिसलंच नव्हतं. काकांनी गेल्या काही वर्षांत घेतलेले ६३ फॉन्ट तिथे होते. जुनी डिस्क पुसली असती तर ते गेलेच असते. या वेळी उजवं बटण दाबून ‘सगळ्यांसाठी बसवा’ हा पर्याय घेतला, आणि त्या ६३ फाइल्स डी ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्येही ठेवल्या.

रविवार, ९ नोव्हेंबर

वाढीव सुरक्षा अपडेट्ससाठी अपडेटच्या पानावरून नाव नोंदवलं. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे लागत नाहीत.

खर्च : सेल ४०, चुकीच्या बोर्डाची कपात ३००, बोर्ड कुरियरसह ३,९८०, पेस्ट १५०, अल्कोहोल १२०, एसएसडी ३,१००, केबल ३५०, वायरमन १,४००. एकूण ९,४४० रुपये. यात बाहेर करून घेतलेल्या तीन पत्रिका धरलेल्या नाहीत. माझे तास मोजले तर तीस भरतात, त्यातले किमान अकरा चुकांचे.

राहिलेलं एक काम : पुढचा हेडफोनचा पोर्ट चालत नाही. काका तो वापरत नाहीत, पण ऑडिओचा ड्रायव्हर बोर्डाच्या क्रमांकावरून शोधून टाकायचा आहे. मशीन आता स्वतःला जुन्या ऑफिसच्या अनुक्रमांकाने ओळखतं, त्यामुळे कंपनीचं आपोआप ड्रायव्हर शोधणारं साधन भलतंच सुचवतं.

दुपारी चारच्या सुमारास कर्वेनगरचे एक गृहस्थ आले. २०१४ साली मुलीची पत्रिका इथूनच केली होती, आता मुलाची हवी. "तशीच करा, फक्त कुलदेवतेचं नाव थोडं मोठं." काकांनी फाइल उघडली, वळणदार मथळा जसाच्या तसा आला. नावं बदलली, मुहूर्त बदलला, आणि प्रिंटरची यूएसबी पोर्टात घातली. मी मीटर काढून शेजारच्या सॉकेटला लावला : १.३ व्होल्ट. तोवर पहिला प्रूफ बाहेर आला होता आणि काका चष्मा कपाळावर चढवून ऱ्हस्व-दीर्घ तपासत होते.